बलाढ्य मित्रराष्ट्राच्या लष्करावर किती विसंबावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा, बलाढ्य दोस्तावर विसंबावं की नाही?

विसंबावं, पण दोन गोष्टी त्याच्या हाती देऊ नयेत. हल्ल्यानंतरचे पहिले काही आठवडे ही एक, आणि दोस्ताला ‘नाही’ म्हणण्याची ताकद ही दुसरी.

दुसऱ्या देशासाठी आपली माणसं मरायला पाठवायची हा निर्णय कुठलंही सरकार तासाभरात घेत नाही. संसद, जनमत, लष्कराची तयारी, शत्रूकडे अण्वस्त्रं आहेत का, या सगळ्याचा विचार होतो. तोवर तुमचा प्रदेश हातचा गेला, तर दोस्तासमोरचा प्रश्नच बदलतो. आधी प्रश्न असतो मित्राला टिकून राहायला मदत करायची का, आणि नंतर होतो गेलेला मुलूख परत जिंकून द्यायचा का. दुसऱ्या प्रश्नाला होकार मिळणं फार अवघड असतं. ‘नाही’ म्हणण्याची ताकद गेली की काय होतं, ते पुढे तैनाती फौजेच्या प्रश्नात येईल.

करारात ‘एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला’ असं लिहिलेलं असेल, तर मदत नक्की मिळणार ना?

हे वाक्य नाटो (अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांची लष्करी आघाडी) कराराच्या कलम ५ मधलं आहे. करार ४ एप्रिल १९४९ चा. बहुतेक लोक हे वाक्य वाचून थांबतात, खरी मेख त्याच्या पुढे आहे. हल्ला झाल्यावर प्रत्येक सदस्याने ‘स्वतःला आवश्यक वाटेल ती’ कारवाई करायची आहे, त्यात सशस्त्र बळाचा वापरही येऊ शकतो. म्हणजे रणगाड्यांची तुकडी पाठवणं जसं कलमात बसतं, तसं फक्त इंधन आणि औषधं पाठवणंही बसतं.

याच करारातलं कलम ३ फारसं कुणी वाचत नाही. त्यानुसार प्रत्येक सदस्याने हल्ल्याला तोंड देण्याची स्वतःची क्षमता राखायची आणि वाढवायची आहे. करार लिहिणाऱ्यांनी स्वसंरक्षणाचं कलम परस्पर मदतीच्या कलमाच्या आधी घातलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

कलम ६ भूगोल ठरवतं. बेटांच्या बाबतीत ते उत्तर अटलांटिकपुरतं, तेही कर्कवृत्ताच्या उत्तरेलाच लागू आहे. म्हणून १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली, तेव्हा ब्रिटन नाटोचा संस्थापक सदस्य असूनही कलम ५ चा प्रश्न आला नाही. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांचं अमेरिकेचंच राज्यसुद्धा या कलमाच्या कक्षेबाहेर आहे.

मग संरक्षण करार वाचताना नेमकं काय पाहायचं?

सर्वांत आधी क्रियापद पाहा. ‘मदत करील’, ‘सल्लामसलत करील’ आणि ‘सार्वभौमत्वाचा आदर करील’ या तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट कराराचं उदाहरण घ्या. युक्रेनने आपल्या भूमीवरची सुमारे १,९०० दूरपल्ल्याची अण्वस्त्रं सोडली (ती डागण्याचं नियंत्रण मॉस्कोकडे होतं, हेही खरं) आणि बदल्यात अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी सीमांचा आदर करण्याचं आश्वासन दिलं. हल्ला झाल्यास सैन्य पाठवण्याचं बंधन त्यात कुणावरही नव्हतं. २०१४ मध्ये रशियानेच क्रायमिया घेतला आणि कराराचा उपयोग निषेधापुरता उरला.

दुसरं, शत्रू कोण धरला आहे ते पाहा. १९५४ मध्ये पाकिस्तान सीटो या आग्नेय आशियासाठीच्या अमेरिकाप्रणीत लष्करी आघाडीत गेला, पण अमेरिकेने तेव्हाच लिहून ठेवलं होतं की तिचं बंधन फक्त साम्यवादी आक्रमणापुरतं आहे. पुढच्या वर्षी पाकिस्तान बगदाद करारातही, म्हणजे नंतरच्या सेंटोमध्ये, सामील झाला. १९६५ च्या युद्धात या दोन्ही सदस्यत्वांचा त्याला रणांगणावर काही उपयोग झाला नाही. उलट अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आणि सेबर विमानं अमेरिकी असल्यामुळे त्याची झळ त्यालाच जास्त बसली.

तिसरं, प्रदेशाची व्याख्या. जपान-अमेरिका करारातलं कलम ५ ‘जपानच्या प्रशासनाखालील’ प्रदेशाला लागू होतं. सेन्काकू बेटं जपानच्या ताब्यात आहेत म्हणून ती त्यात येतात. जपान ज्यांच्यावर हक्क सांगतो पण जी त्याच्या ताब्यात नाहीत, ती येत नाहीत. त्यामुळे एखादं निर्जन बेट प्रत्यक्ष ताब्यात ठेवणं, तिथे गस्त घालत राहणं, याला कायदेशीर वजन येतं.

चौथं, ‘घटनात्मक प्रक्रियेनुसार’ हे शब्द. दक्षिण कोरिया, जपान आणि फिलिपिन्स यांच्याशी अमेरिकेने केलेल्या करारांत ते आहेत. म्हणजे मदतीआधी अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणाचा टप्पा पार व्हावा लागणार.

आणि शेवटी बाहेर पडण्याचं कलम. अशा बऱ्याच करारांतून एक वर्षाची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. तैवानबरोबरचा १९५४ चा करार अमेरिकेने असाच नोटीस देऊन संपवला, १ जानेवारी १९८० पासून तो उरला नाही.

कागद बाजूला ठेवू. दोस्त खरंच येईल की नाही, हे कशावरून ओळखायचं?

त्याने आधीच काय आणून ठेवलं आहे, त्यावरून.

१९९० चं उदाहरण इथे फार शिकवतं. इराकने २ ऑगस्टला कुवेत घेतला. अमेरिकेने ७ ऑगस्टपासून सौदी अरेबियात सैन्य उतरवायला सुरुवात केली आणि हवाई युद्ध १७ जानेवारी १९९१ ला सुरू झालं. पाच महिन्यांहून अधिक काळ गेला, तेव्हा कुठे पाच लाखांहून जास्त सैनिक आणि त्यांची यंत्रसामग्री जागेवर आली. तेही सौदी बंदरं आणि धावपट्ट्या अखंड सुरू असताना, त्यांच्यावर बॉम्ब पडत नसताना. जगातल्या सर्वांत मोठ्या लष्करी शक्तीला, इतक्या अनुकूल परिस्थितीत, इतका वेळ लागला.

सैनिक विमानाने दोन दिवसांत पोहोचतात, रणगाडे जहाजाने येतात. म्हणूनच शीतयुद्धात अमेरिकेने पश्चिम जर्मनीत पूर्ण डिव्हिजनांचं साहित्य गोदामांत आणून ठेवलं होतं आणि १९६९ पासून ‘रिफोर्जर’ सरावात सैनिकांना अमेरिकेतून उडवत आणून ते साहित्य बाहेर काढायची तालीम केली जायची. तुमच्या भूमीवर दोस्ताची अशी गोदामं नसतील, त्यातल्या गाड्या दरवर्षी सुरू करून पाहिल्या जात नसतील, तर त्याच्या वचनाला काही महिन्यांचा उशीर जोडूनच हिशेब करा.

दुसरी खूण म्हणजे दोस्ताचे सैनिक पुढच्या फळीत आहेत का. २०१७ पासून एस्टोनिया, लॅट्व्हिया, लिथुआनिया आणि पोलंड इथे नाटोच्या बहुराष्ट्रीय तुकड्या आहेत. एवढ्याशा तुकड्या मोठं आक्रमण थोपवू शकणार नाहीत, पण हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी अनेक देशांचे सैनिक मारले जातील आणि त्या देशांना बाजूला राहणं अशक्य होईल. जर्मनी आता लिथुआनियात सुमारे ५,००० जणांची कायमस्वरूपी ब्रिगेड उभी करत आहे. तिथे सैनिकांची कुटुंबंही राहणार आहेत. कुटुंबं आणणं हा निर्धाराचा फार मोठा पुरावा असतो.

मात्र तळ आहे म्हणजे संरक्षण आहे, असं समीकरण मांडू नका. कतारमध्ये अल उदैद हा पश्चिम आशियातला अमेरिकेचा सर्वांत मोठा तळ आहे. तरीही ९ सप्टेंबर २०२५ ला इस्राएलने कतारची राजधानी दोहावर हवाई हल्ला केला. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदीच्या अबकैक तेलप्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला, अमेरिकेने इराणला जबाबदार धरलं, पण प्रत्युत्तरादाखल लष्करी हल्ला केला नाही.

शस्त्रं पैसे मोजून विकत घेतली, मग ती आपलीच ना?

मालकी तुमची, वापरण्याची मुभा बऱ्याचदा विकणाऱ्याची. करारात ती शस्त्रं कशासाठी वापरायची, तिसऱ्याला द्यायची की नाही, याच्या अटी असतात.

१९६४ मध्ये तुर्कस्तान सायप्रसमध्ये उतरण्याच्या तयारीत होता. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी पत्र लिहून बजावलं की अमेरिकेने दिलेली शस्त्रं या कामी वापरता येणार नाहीत, आणि यातून सोव्हिएत संघ मध्ये पडला तर नाटो तुमच्या पाठीशी उभी राहीलच असं नाही. १९७४ मध्ये तुर्कस्तान उतरलाच. १९७५ मध्ये अमेरिकेने शस्त्रबंदी लादली, ती १९७८ पर्यंत टिकली. लष्करासाठी संपर्कयंत्रणा बनवणारी असेलसान ही तुर्की कंपनी १९७५ मधलीच आहे. आज तुर्कस्तान ड्रोन विकणारा देश आहे, त्याची मुळं त्या बंदीत आहेत. तरी अवलंबित्व संपलं नव्हतं. रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्यामुळे २०१९ मध्ये त्याला एफ-३५ विमानांच्या प्रकल्पातून बाहेर काढलं गेलं. त्या विमानाचे ९०० हून अधिक सुटे भाग तुर्की कारखान्यांत बनत होते, तरीही.

तटस्थ देशाकडून घेतलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. जर्मनीने युक्रेनला गेपार्ड ही विमानविरोधी तोफगाडी दिली, पण तिचा ३५ मिलिमीटरचा दारूगोळा स्वित्झर्लंडमध्ये बनलेला होता. स्विस सरकारने तो पुढे द्यायला परवानगी नाकारली आणि जर्मनीला स्वतःकडे नवी उत्पादनरेषा उभारावी लागली.

आजच्या शस्त्रांत आणखी एक दुवा वाढला आहे, माहितीचा. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची शस्त्रमदत आणि गुप्तमाहिती दोन्ही थांबवली. आठवडाभरात दोन्ही पुन्हा सुरू झाल्या, पण दरम्यान दूरपल्ल्याच्या माऱ्यासाठी लक्ष्य शोधणं आणि येणाऱ्या क्षेपणास्त्रांची आगाऊ सूचना मिळणं या दोन्हींवर परिणाम होण्याची भीती खरी होती. तोफ तुमची, गोळा तुमचा, पण नेम धरणारा डोळा दुसऱ्याचा असेल, तर तो मिटला की तोफ आंधळी होते.

अफगाणिस्तानचं सैन्य इतक्या झटपट का कोसळलं? त्यांच्याकडे तर संख्याही होती आणि शस्त्रंही.

कागदावर सुमारे तीन लाख. प्रत्यक्षात त्यातली अनेक नावं फक्त पगारपत्रकावर होती. पण संख्येपेक्षा रचना महत्त्वाची.

अमेरिकेने ते सैन्य आपल्या साच्यात घडवलं. दूरदूर विखुरलेल्या चौक्या, त्यांना विमानाने रसद, हल्ला झाला की वरून हवाई मारा, जखमींना हेलिकॉप्टरने उचलणं. अफगाण तंत्रज्ञांना ओळखीची असलेली रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टरं बदलून अमेरिकी ब्लॅक हॉक आणायचं ठरलं. त्यांची देखभाल परदेशी कंत्राटदारांवाचून होत नव्हती. २९ फेब्रुवारी २०२० च्या अमेरिका-तालिबान दोहा करारात अमेरिकी सैनिकांबरोबर हे कंत्राटदारही निघून जाणार असं ठरलं. ते गेले, विमानं जमिनीवर खिळली, चौक्यांपर्यंत दाणागोटा आणि दारूगोळा पोहोचेना. शिवाय तो करार अफगाण सरकारला बाजूला ठेवून झाला होता, त्याचा सैनिकांच्या मनोधैर्यावर झालेला परिणाम वेगळाच. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं.

याच देशातला आधीचा अनुभव शेजारी ठेवून पाहा. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये गेल्या, पण त्यांच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्ला सरकार एप्रिल १९९२ पर्यंत तगलं. कारण इंधन, धान्य, पैसा आणि दारूगोळा मॉस्कोकडून येत राहिला. तो ओघ १९९२ च्या सुरुवातीला आटला आणि काही महिन्यांत सरकार गेलं. दक्षिण व्हिएतनामचंही तेच. जानेवारी १९७३ च्या पॅरिस शांतता कराराच्या सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थियू यांना कडक कारवाईची खासगी वचनं दिली होती, पण त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने तिथल्या लष्करी कारवाईला कायद्याने मज्जाव केला आणि १९७५ च्या वर्षासाठी मदत ७० कोटी डॉलरपर्यंत उतरवली. हेलिकॉप्टर आणि भरमसाट तोफमारा यांच्या जोरावर लढायला शिकलेल्या सैन्याकडे इंधन आणि गोळे उरले नाहीत. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं.

दोस्ताने सैन्य उभारून द्यायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न असा विचारावा: हे सैन्य चालवायला वर्षाला किती खर्च येतो आणि त्यातला किती आपल्या महसुलातून भागतो?

तैनाती फौजेशी याची तुलना योग्य आहे का?

पूर्णपणे नाही. आजचे करार निदान कागदावर समान राष्ट्रांमधले असतात, आणि मोठ्या लोकशाही देशांना सहसा दोस्ताचा मुलूख गिळायचा नसतो. पण अवलंबित्व टप्प्याटप्प्याने कसं वाढतं, हे शिकायला याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

२५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. अटी अशा: किमान ६,००० पायदळाची कंपनीची फौज कायम पेशव्यांच्या मुलखात राहील, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश तोडून द्यायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीयांना चाकरीत ठेवायचं नाही, इतर सत्तांशी कंपनीला विचारल्यावाचून बोलणी करायची नाहीत, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीचा निवाडा मानायचा. मे १८०३ मध्ये बाजीराव पुण्याच्या गादीवर परत बसला. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

यात सर्वांत घातक अट कोणती? लोक सहसा फौजेकडे किंवा तोडून दिलेल्या मुलखाकडे बोट दाखवतात. आमच्या मते ती परराष्ट्र व्यवहारांची अट. दुसरा दोस्त शोधायची मुभा गेली की पहिल्या दोस्ताशी घासाघीस करण्याची ताकद उरत नाही. निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौज स्वीकारली, तेव्हा त्याला आपलं फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालचं दल मोडावं लागलं. १८०० मध्ये म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख खर्चापोटी गेला. पुढे हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या आणखी एका दलाचा खर्च थकला आणि १८५३ मध्ये त्यापोटी वऱ्हाड द्यावा लागला. हे सगळं लढाई न होता झालं.

आजच्या करारांना हीच चाचणी लावा. तिसऱ्या देशाकडून शस्त्र घेता येतं का? दोस्ताच्या शत्रूशी व्यापार करता येतो का? दोस्ताची फौज परत जा म्हटल्यावर जाते का? १६ सप्टेंबर १९९१ ला फिलिपिन्सच्या सिनेटने बारा विरुद्ध अकरा मतांनी अमेरिकी तळांचा करार फेटाळला आणि पुढच्या वर्षी अमेरिका सुबिक बे इथला नौदल तळ सोडून गेली. म्हणजे तो संबंध तैनाती फौजेचा नव्हता. (त्याची किंमतही मोजावी लागली. १९९५ मध्ये फिलिपिन्स हक्क सांगत असलेल्या, दक्षिण चीन समुद्रातल्या मिसचीफ रीफवर चीनने बांधकाम केल्याचं उघड झालं आणि पुढे फिलिपिन्सने अमेरिकी सैन्याला पुन्हा जागा दिल्या. २०२३ मध्ये त्या पाचवरून नऊ झाल्या.)

दोस्ताच्या युद्धात आपण ओढले जाण्याचा धोका किती?

चांगलाच. व्हिएतनाम युद्धात दक्षिण कोरियाने एकूण तीन लाखांहून अधिक सैनिक पाठवले. अमेरिकेने आपल्याला सोडून जाऊ नये, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. तरीही १९७१ मध्ये अमेरिकेने कोरियातून आपली ७ वी डिव्हिजन काढून घेतली.

नाटोचं कलम ५ आजवर एकदाच वापरलं गेलं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, म्हणजे बलाढ्य दोस्तासाठी. डेन्मार्कसारख्या छोट्या देशाचे चाळीसहून अधिक सैनिक अफगाणिस्तानात मृत्युमुखी पडले. त्याच डेन्मार्कच्या ग्रीनलंडबद्दल जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नवनिर्वाचित अध्यक्षांनी बळाचा वापर नाकारायला नकार दिला. निष्ठेची नोंद दोस्ताकडे कायम राहते, असं गृहीत धरून रक्त सांडू नये.

परदेशी तळ दिल्याने काय बिघडतं?

तळाच्या आजूबाजूला राहणाऱ्यांच्या आयुष्यात बरंच काही. ओकिनावा जपानच्या भूभागाचा जेमतेम ०.६ टक्के आहे, पण अमेरिकी सैन्याच्या खास वापरातल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के तिथे आहे. दाट वस्तीतला फुतेन्मा हवाई तळ हलवायचं १९९६ मध्ये ठरलं, ते काम अजून पूर्ण झालेलं नाही.

तळ देण्याआधी चार गोष्टी लेखी हव्यात: गुन्हा केलेल्या सैनिकावर खटला कुणाच्या न्यायालयात, प्रदूषण साफ करण्याचा खर्च कुणाचा, तळावरून तिसऱ्या देशावर हल्ला करायचा असेल तर आधी विचारायचं की नाही, आणि मुदत संपल्यावर बांधकामं कुणाची. पहिल्या मुद्द्यावर सरकारं भांडतात, तिसऱ्यावर बहुतेक वेळा मोघम शब्दांत सोडून देतात. खरं तर युद्ध अंगावर येतं ते त्या तिसऱ्या मुद्द्यामुळे.

अण्वस्त्र छत्र भरवशाचं असतं का?

अण्वस्त्र छत्र म्हणजे तुमच्यावर हल्ला झाला तर दोस्त आपली अण्वस्त्रं वापरील हे वचन. यावर प्रामाणिक उत्तर हेच, की ते कधी कसाला लागू नये अशीच त्याची रचना आहे. पॅरिस वाचवण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावील का, हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांचा प्रश्न होता. फ्रान्सने १९६० मध्ये स्वतःची अणुचाचणी केली आणि १९६६ मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला, आघाडी मात्र सोडली नाही. २००९ मध्ये तो रचनेत परतला. ब्रिटनने वेगळी वाट घेतली. अण्वस्त्रं आणि पाणबुड्या स्वतःच्या, पण ट्रायडेंट क्षेपणास्त्रं अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातली, देखभाल अमेरिकेतल्या किंग्ज बे इथे. डागण्याचा निर्णय ब्रिटनचा, पण दीर्घकाळ चालवायचं तर अमेरिकेवाचून अडतं. दोन्ही वाटांचा खर्च आणि स्वातंत्र्य यांचा ताळेबंद वेगवेगळा आहे.

दक्षिण कोरियाने सत्तरच्या दशकात गुपचूप अण्वस्त्रांची तयारी सुरू केली, तेव्हा अमेरिकेच्या दबावामुळे ती सोडून १९७५ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार मान्य केला. छत्राखालच्या देशाला स्वतःची छत्री शिवायला सहसा परवानगी नसते. २०२३ मध्ये दक्षिण कोरिया आणि अमेरिका यांनी अण्वस्त्रांच्या नियोजनावर सल्लामसलतीसाठी गट नेमला. निर्णयात नाही तरी माहितीत वाटा मिळणं, इतपत त्याचा अर्थ.

लहान देशाला स्वतःचं पुरेसं सैन्य परवडतं तरी का?

फिनलंडकडे पाहा. लोकसंख्या सुमारे ५५ लाख, शेजारी रशिया, २०२३ पर्यंत कुठल्याही लष्करी आघाडीत नाही. युद्धकाळात उभं राहणारं सैन्य २ लाख ८० हजार. हे खड्या फौजेवर नाही, सक्तीच्या लष्करी सेवेवर आणि राखीव दलावर उभं आहे. तरुणांना १६५, २५५ किंवा ३४७ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, त्यानंतर उजळणी सराव. सोबत सुमारे ४८ लाख लोकांना पुरतील इतकी आश्रयस्थानं. ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड नाटोत गेला तो ही सगळी तयारी हातात घेऊन, त्यामुळे त्याच्याकडे ओझं म्हणून कुणी पाहिलं नाही.

वेळ मात्र लागतो. राखीव दलाची एक पिढी तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात, आणि निर्णय लांबवणाऱ्यांनी हेच सर्वांत आधी समजून घ्यायला हवं.

किमान किती तयारी स्वतःकडे असावी?

आकडा देशागणिक बदलेल, पण हिशेबाची पद्धत एकच. दोस्ताची पहिली मोठी मदत किती दिवसांत पोहोचेल याचा अंदाज घ्या, तो दुप्पट करा आणि तितके दिवस एकट्याने लढण्याची सामग्री साठवा.

दारूगोळ्याचं गणित करून पाहू. सहा तोफांची एक १५५ मिलिमीटरची तुकडी, दर तोफेमागे दिवसाला १०० गोळे. दिवसाला ६००, तीस दिवसांत १८,०००. एक गोळा साधारण ४३ किलोचा, म्हणजे फक्त गोळ्यांचंच वजन पावणेआठशे टनांच्या घरात. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेचं या गोळ्यांचं उत्पादन महिन्याला सुमारे १४,००० होतं. म्हणजे बलाढ्य दोस्ताच्या देशभरातल्या उत्पादनापेक्षा तुमची एकच तुकडी जास्त खाते. युरोपीय संघाने मार्च २०२४ पर्यंत युक्रेनला दहा लाख गोळे द्यायचं ठरवलं होतं, मुदतीत त्याच्या निम्म्याच्या आसपास पोहोचले. दोस्ताची दानत असूनही कोठार रिकामं असू शकतं.

दारूगोळ्यानंतर हवाई संरक्षण, मग इंधन, मग संपर्कयंत्रणा. विमानं आणि जहाजं दिसायला भारदस्त, म्हणून सरकारं पैसा आधी तिथे घालतात, आणि क्षेपणास्त्रांचा साठा दोन-तीन दिवसांपुरता राहतो. हा क्रम उलटा करायला हवा.

शिवाय दोस्ताला उतरून घेण्याची तयारीही तुमच्याच माथी असते. आजचे रणगाडे ६० ते ७० टनांचे आहेत, पूल ते पेलतात का? बाल्टिक देशांतले जुने रेल्वेमार्ग १,५२० मिलिमीटर रुंदीचे, तर पश्चिम युरोपातले १,४३५ मिलिमीटरचे. म्हणजे सीमेवर माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागतो. रेल बाल्टिका हा नवा मार्ग त्याचसाठी बांधला जातो आहे.

एकाऐवजी अनेक दोस्त ठेवले तर?

राजकारणात फायद्याचं, कार्यशाळेत डोकेदुखी. चार देशांची विमानं म्हणजे चार प्रकारचे सुटे भाग, चार प्रशिक्षणक्रम, एकमेकांशी न बोलणाऱ्या संपर्कयंत्रणा. मध्यम मार्ग असा की लढाऊ विमानासारखी गुंतागुंतीची गोष्ट एकाकडून घ्यावी, पण दारूगोळा, ड्रोन, रेडिओ आणि दुरुस्ती देशातच असावी.

दोस्त बदलतानाही घाई नको. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२१ मध्ये फ्रेंच पाणबुड्यांचा करार मोडून अमेरिका आणि ब्रिटनबरोबर ‘ऑकस’ करार केला. पहिल्या अमेरिकी व्हर्जिनिया पाणबुड्या २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळायच्या आहेत, पण अमेरिकेची जहाजबांधणी तिच्या स्वतःच्याच गरजेला पुरी पडत नाही. शिवाय कायद्यानुसार पाणबुड्या देण्याआधी त्यामुळे आपली क्षमता घटणार नाही, असं अमेरिकी अध्यक्षांनी लेखी द्यावं लागतं.

कुठल्याच आघाडीत न जाता गरजेपुरता करार करता येतो का?

येतो. ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार तसाच होता. हल्ला किंवा त्याचा धोका उद्भवला तर तातडीने सल्लामसलत करून योग्य ती पावलं उचलायची, असं कलम ९ मध्ये होतं, आपोआप युद्धात उतरणं नव्हतं. डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार कामी आला. लढाई भारतीय सैन्यानेच लढली. सोव्हिएत शस्त्रांवरचं अवलंबित्व मात्र पुढे अनेक दशकं राहिलं, आणि सुट्या भागांची टंचाई १९९१ नंतर जाणवली.

सैन्यच नसलेल्या देशांचं काय?

असे देश आहेत, पण ते नुसते दोस्ताच्या भरवशावर नाहीत. आइसलंडकडे सैन्य नाही, तो नाटोचा संस्थापक सदस्य आहे आणि त्याचं बळ त्याच्या जागेत आहे. उत्तर अटलांटिकमध्ये जाणाऱ्या पाणबुड्यांवर नजर ठेवायची तर तिथूनच. मासेमारीच्या हद्दीवरून ब्रिटनशी झालेल्या वादांत केफ्लाविकच्या अमेरिकी तळाचा प्रश्न काढून त्याने आपली हद्द मान्य करून घेतली. तरी २००६ मध्ये अमेरिकेने तळावरची आपली फौज हलवायचं ठरवलं आणि त्याच वर्षी ती गेली. २००८ पासून तिथलं आकाश नाटोचे सदस्य आळीपाळीने सांभाळतात.

कोस्टारिकाने १ डिसेंबर १९४८ ला सैन्य विसर्जित केलं आणि त्याच महिन्यात निकाराग्वाच्या बाजूने घुसखोरी झाली. कोस्टारिकाने अमेरिका खंडातल्या देशांच्या परस्पर संरक्षणाच्या १९४७ च्या रिओ कराराचा आधार घेतला, अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने हस्तक्षेप केला. १९५५ मध्ये पुन्हा तसंच घडलं, तेव्हा अमेरिकेने त्याला चार मस्टँग विमानं प्रत्येकी एका डॉलरला विकली. २०१० मध्ये निकाराग्वाने सीमेवरच्या बेटावर माणसं उतरवली, त्या वेळी कोस्टारिका आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पाच वर्षं लागली. शेजारी लहान असेल आणि जग लक्ष देत असेल, तर इतकं थांबता येतं. शेजारी अणुसत्ता असेल, तर हा मार्ग उपलब्ध नाही.